दुसरं प्रूफ

पुण्याहून दुसरं प्रूफ आलं.
पाकीट मी गंगावेशीतच फाडलं,
दुधाच्या कट्ट्यावर, एका हातात फेसाळ ग्लास धरून.

पान सतरा. माझी इंदूआक्का म्हणते,
'मी जातो मर्दा, म्हशीला पाणी दावायचं हाय.'
'जातो'वर लाल रेघ.
समासात सुबक, बारीक अक्षर :
पात्र स्त्री आहे ना? 'जाते' करावे.
'मर्दा'भोवती गोल, गोलाच्या पोटात प्रश्नचिन्ह.
'दावायचं'चं 'दाखवायचं'.
म्हणजे आता म्हैस पाणी नुसतं बघणार.

तसं बघितलं तर एका कान्याचा फरक.
पण तो काना म्हणजे आक्काच्या हातातली काठी.
ती काढून घेतली
की आक्का म्हशीमागनं चालत नाही,
पदर सावरत चालते,
मालिकेतल्या थोरल्या सुनेसारखी.

पान एकोणीसवर साहेब आहेत.
एकाच मुतारीचं तिसऱ्यांदा उद्घाटन करतात.
त्यांचं भाषण दीड पान,
प्रत्येक 'ण' जागच्या जागी, अनुस्वार इस्त्री केलेले.
तिथं लाल रेघ एकही नाही.
थट्टा मी तिथंच तर ठेवली होती.

भाषणाच्या मधेच आक्का विचारते,
'आणि पाणी कवा येणार गा, हितं?'
दुरुस्त करून आलंय :
'आणि पाणी केव्हा येणार हो, इथे?'
हा आता प्रश्न राहिला नाही.
अर्ज झाला.

(ही गोष्ट आधी दिवाळी अंकात आली होती.
आमच्या वॉर्डाचे साहेब पोट धरून हसले,
वीस अंक घेतले, पाठीवर थाप मारली :
'पलीकडच्या वॉर्डातल्याला बरोब्बर धरलासा!'
मी चहा पिऊन आलो.)

तेवढ्यात फोन. संपादक.
मी ग्लास कट्ट्यावर ठेवला, घसा साफ केला,
'हो, हो. आपलं म्हणणं योग्यच आहे.
पाहतो मी. निश्चित.'

गौराक्का धार काढत होती.
बादलीतला आवाज थांबला.
'कोण वारलं रं?'
'कुणी नाही.'
'मग ह्ये कुणाच्या तोंडानं बोललास?'

मला काही सुचेना.
ती उठली, म्हशीच्या पाठीवर चापट मारली,
'गिलास हितंच ठेव. मी जातो.'
आणि पापाच्या तिकटीकडं गेली,
म्हशीच्या मागनं, गर्दीला वाट सोडायला लावत.

मी खिशातलं पेन काढलं.
सतराव्या पानावर काना परत उभा केला.
'मर्दा'भोवतीचा गोल खोडला.
म्हशीला पाणी दावलं.

मग एकोणिसावं पान.
आक्काच्या प्रश्नाला साहेबांनी
तिन्ही उद्घाटनांत उत्तर दिलं नव्हतं.
आता देतात.
घसा साफ करतात, म्हणतात,
'आपलं म्हणणं योग्यच आहे.
पाहतो मी. निश्चित.'