डोंगराचे पाय

शिरोलीच्या भट्टीतून थेट उजळाईवाडीला येतो मी,
शर्टाला बिडाचा वास, खिशात परवाना.
मांडीवर नकाशा, त्यावर पेन्सिलची एक रेघ :
कोल्हापूर ते चिपी.
फूटपट्टीला मधला सह्याद्री कळलेलाच नाही.

हवामान कक्षात हेरवाडकर बाई
रात्रपाळीच्या स्वेटरात, आकडे वाचतात :
वारा शांत. दृश्यमानता दोन हजार मीटर.
तापमान पंधरा, दवबिंदू चौदा.
"एका अंशाचं अंतर राहिलंय दोघांत,"
लग्न जुळवणाऱ्या मावशीच्या सुरात म्हणतात,
"कधीही जमेल."

खिडकीतून बघतो.
टेकडीवरचं विद्यापीठ दिसलं तर अमुक किलोमीटर,
जोतिबा दिसला तर मग बोलायलाच नको.
आज दोघंही नाहीत.
नदीकाठच्या गुऱ्हाळांचा धूर रात्रभर खाली बसलाय,
जिभेवर चक्क गोड लागतो.

चिपीचा अंदाज : नऊपर्यंत धुकं, मग निवळेल.
उपग्रहाचं चित्र करडं,
ढग आणि डोंगर एकाच कापडाचे.
घाटाचं मात्र कुणीच काही सांगत नाही.
तिथे ना मनोरा, ना यंत्र.

तिथे धाकलू झोरे आहे.
दाजीपूरच्या पुढे, घाटमाथ्याला, चहाची टपरी.
"समोरचा डोंगर दिसतोय का रे?"
"दिसतोय की."
"सगळा?"
स्टोव्हची फरफर ऐकू येते. तो बाहेर जाऊन बघतोय.
"वरनं दिसतोय. पाय न्हाईत त्येला.
खाली दूध उतू गेल्यावानी झालंय.
कोकण कुटं गेलं कुणास ठावं."

दोन वर्षं विचारतोय त्याला हेच.
का विचारतो, हे त्यानं कधी विचारलं नाही.
एकदाच म्हणाला, "मालक, डोंगूर इकत घेनार हायसा काय?"

सोबतीला इंद्रजित शिंत्रे, नवा परवाना, नवा गॉगल.
"वरून जाऊ की! सात हजारावर लख्ख ऊन असेल."
असेल. वर नेहमीच असतं.
उतरायला मात्र ढगाला भोक लागतं,
आणि ते कुठे पडेल हे ढगालाही माहीत नसतं.

कुडाळला बहीण घावनांचं पीठ भिजवून बसलीय.
दोनला माझं ओतकाम आहे.
मधल्या वेळात मावेल एवढंच आभाळ मला हवं होतं.

एकोणिसाव्या वर्षी मी एक साचा गरम असतानाच उघडला होता.
दामू मिस्त्री नको म्हणत होते.
टक्‌ असा आवाज झाला, फार मोठा नाही.
अजून पोटात आहे तो.
ओतीव निवतं, आभाळ निवळतं,
आणि दोघांनाही घाई म्हणजे काय ते ठाऊक नाही.

नऊला : "मांड्यांपातूर आलाय."
पावणेदहाला : "परत झाकला."
दहाला मी विमानाच्या चाकांना पुन्हा अडण्या लावल्या.
इंद्रजितनं गॉगल डोक्यावर सरकवला,
काही बोलला नाही. बरं झालं.
बहिणीला फोन केला. ती म्हणाली, "मग गाडीनं ये."
तिला काय सांगणार.

सव्वादोनला, कढल्यातून लाल धार साच्यात पडत असताना
खिसा थरथरला. हातमोजा दातानं ओढून काढला.
धाकलू.
त्यानं मला फोन केल्याची ही पहिलीच वेळ.
"मालक, पाय निघालं बघा डोंगराचं.
तुमी पुन्ना इच्यारलं न्हाईसा, म्हनून सांगतोय."

धारेकडे डोळा ठेवूनच विचारलं,
"किती लांबचं दिसतंय?"
"लई लांबचं.
शेवटाला कायतरी चमाकतंय.
समिंदर आसंल, न्हाईतर कुनाचा तरी पत्रा."

नकाशा गाडीतच आहे.
रेघ खोडलेली नाही.