मुठीचं माप

एकतीस वर्षांत सुट्ट्या घेतल्या
त्या कृष्णामाईनं दिलेल्या.
पाणी गणपती पेठेत आलं, कढईवर चढलं,
मुक्काम करून उतरलं,
आणि चिखल काढून त्याच संध्याकाळी मी भट्टी पेटवली.

एरवी शटर वर करणारा मी, खाली ओढणारा मी,
लसूण सोलणारा, उधारीची वही लिहिणारा,
मिरजेच्या पार्सलला दोरी बांधणारा,
तुंबलेल्या गटारात काठी घालणारा.
लोक म्हणायचे,
आवट्यांच्या दुकानात आवटी नाहीत
असं कधी झालं नाही.
मला ते कौतुक वाटायचं.

सन्मती म्हणाली, बाबा, दिवसभरात काय काय करता, सांगा.
कागद पाठपोट भरला.
मग विचारलं, आणि पुढचं वर्ष कोण बघतं?
मी तेलाच्या डब्याचं झाकण शोधायला लागलो.

पहिली गेली शटरची किल्ली. रियाजकडे.
त्या रात्री अकराला स्कूटर काढून गेलो,
कुलूप ओढलं. परत ओढलं.
वॉचमन म्हणाला, आता तुम्ही पण?
रियाज दोनदा येऊन गेला की.

मग गल्ला. भारती कांबळे बसली.
आठवड्याचा हिशोब रुपयाला रुपया लागला.
मला राग आला.
माझा कायम वीस-तीसनं कमी यायचा
आणि मी त्याला धंदा म्हणायचो.

फोडणी मात्र सोडत नव्हतो.
मसाला तीन मुठी, मी सांगायचो,
आणि मुठी माझ्या.
सन्मतीनं ताटाखाली काटा ठेवला.
घाला.
बासष्ट ग्रॅम. एक्काहत्तर. पंचावन्न.
सोमवारची मूठ वेगळी, वसुलीच्या दिवशीची वेगळी,
गुडघा ठणकला की तिखट जरा जास्तच.
"आवटी भडंग, चव तीच"
लाल अक्षरांत पिशवीवर छापलंय मी.
एवढी वर्षं लोक माझा मूड खात होते
आणि मुकाट्यानं पाणी पीत होते.

चौसष्टवर ठरलं.
इंदुबाईनं झारा घेतला. मला वर पाठवलं,
माळ्यावर, पोत्यांशेजारच्या खुर्चीत.
जिन्यातून लसणाचा वास आला,
तांबूस झाला,
आता, आत्ता, म्हणून मी उठलो
तर खाली गॅसची कळ फिरल्याचा आवाज.
बसलो परत.
हातांचं काय करायचं, सुचेना.
पोत्यातले शेंगदाणे मोजले. अकरा खाल्ले.

शेवटी खाली उतरलो आणि
कधी नव्हे तो रस्ता ओलांडला.
पोरवालांच्या कापडदुकानाच्या ओट्यावर उभा राहून
पहिल्यांदा बघितलं माझं दुकान.
लहानच आहे.
दुपारची गिऱ्हाईकं उन्हात उभी असतात.
पुरानंतर जोतं उंच केलं, त्याच्या तीन पायऱ्या,
एक म्हातारा पहिलीपाशी थांबला,
वर बघितलं, काठी बदलली
आणि पुढच्या दुकानाकडे वळला.
आतून फक्त
येणारी माणसं दिसत होती मला.

आणि पाटी.
आवटी भडग.
ड वरचा ठिपका नाही.
पोरवाल म्हणाले, तो होय?
कुठल्याशा वळवात उडाला. चार-पाच वर्षं झाली.
मला वाटलं, माहिती असेल तुम्हाला.

शिडी आणली. पायरीवर पाय ठेवला होता,
काढला.
रियाज चढला, मी धरून उभा राहिलो.
जरा डावीकडे, मी म्हणालो. अजून. नको, एवढं नको.
दिसतंय मला, मालक.

खरंय. त्याला तिथून दिसत असणार.
मी शिडी सोडली नाही.
पायाखाली बघितलं,
आठ इंचाची एकेक पायरी,
आणि कुठून फोडून उतार काढता येईल
ते बघायला लागलो.