आत ओढलेला होकार

विल्हेल्मिनाच्या वृद्धाश्रमात, टेबलाच्या मधोमध
आम्ही ते यंत्र ठेवलं. काळं, चपटं, तव्याएवढं.
आत सोळा मायक्रोफोन
पंगतीला बसावेत तसे गोल बसलेले,
आवाज कुठल्या खुर्चीतून आला
ते एकमेकांना विचारून ठरवणारे.

प्रतिध्वनी खोडणं हे माझं काम.
पलीकडच्याचा आवाज इकडच्या भिंतीला आपटून
परत त्याच्याच कानी जाऊ नये,
बोलणाऱ्याला वाटेत स्वतःचंच भूत भेटू नये,
म्हणून खोलीचं माप घ्यायचं
आणि तेवढंच वजा करायचं.
अकरा वर्षांत वजाबाकीवर हात बसला.
पंखा वजा. फ्रिजची घरघर वजा.
बाहेर बर्फ लोटणारा ट्रॅक्टर वजा.
चमचा, बशी, खोकला, श्वास.
श्वास वजा झाला त्या दिवशी
ऑफिसात केक कापला होता.

पडद्यावर उमेओचा डॉक्टर, नवा,
दक्षिणेत माल्मोच्या सपाट मुलखात वाढलेला.
समोर दाग्नी स्टेनवाल, वय अठ्ठ्याऐंशी.
"उजव्या डोळ्याचं ऑपरेशन करायचं ना?"

तिने ओठांचा चंबू केला, हवा आत ओढली,
बशीतली कॉफी भुरकावी तशी.

आमच्या उत्तरेत हेच 'हो'.
शब्द नाही. अर्धा भुरका.
थंडीत तोंड उघडायला नको म्हणून, असं काहीजण सांगतात.
मला वाटतं, एवढ्याशा गोष्टीला
आख्खा शब्द कशाला खर्चायचा, म्हणून.

यंत्राने ऐकलं. श्वास आहे, म्हणालं. खोडला.
डॉक्टर थांबला. पुन्हा विचारलं,
बहिऱ्याला विचारतात तसं, एकेक अक्षर सुटं करून.
पुन्हा भुरका. पलीकडे पुन्हा शांतता,
नितळ, आमच्या माहितीपत्रकात छापलेली असते तशी.
तिसऱ्या वेळी ती माझ्याकडे वळली:
"याला ऐकू येत नाही का गं?"
हे मात्र स्वच्छ पोचलं.
डॉक्टरने नोंद केली: रुग्णाचा निर्णय अनिश्चित.

परतीच्या वाटेवर दोनशे किलोमीटर नुसती पाइनची झाडं.
गाडी चालवता चालवता ईव्हारने विचारलं,
"चुकलं ना आपलं?"
मी हवा आत ओढली.

त्या हिवाळ्यात मी होकार गोळा करत हिंडले.
लाकूड गिरणीतल्या विधवेचा, बसवाल्याचा,
रेनडिअर मोजताना मध्येच थांबलेल्या अँते नावाच्या माणसाचा.
चारशे बारा.
त्यातला अडतिसावा माझ्या मामाचा.
मार्चमध्ये तो गेला. फाइल अजून उघडते.

उत्तर सापडलं ते साधंच निघालं:
श्वास कसा आहे ते नंतर बघ,
आधी बघ तो कशाच्या मागून आला.
प्रश्नाच्या मागून आला, तर हात लावू नकोस.

पेटंटचा अर्ज लिहिणाऱ्या सेडरक्विस्टबाई स्टॉकहोमच्या.
चौथ्या दाव्यात याला काय म्हणायचं, त्यांनी विचारलं.
'अर्थपूर्ण अंतःश्वसन' लिहिलं, खोडलं,
'भाषिक स्वरूपाचा वायुप्रवाह' लिहिलं.
फोनवर मी करून दाखवलं.
त्यांना वाटलं, लाइन तुटली.

मे महिन्यात पुन्हा विल्हेल्मिना.
दाग्नीचं ऑपरेशन केव्हाच झालं होतं,
नर्सने पोस्टकार्ड टाकून कळवलं होतं त्यांना.
तिने मला नीट न्याहाळलं. म्हणाली,
"मला वाटलं होतं तू तरुण आहेस."
मग डाव्या डोळ्याबद्दल विचारलं डॉक्टरने,
आणि तिचा भुरका उमेओत पोचला
खिडकी उघडल्यासारखा.
डॉक्टर दचकून मागे सरकला.
बरोबर थोडा फ्रिजही गेला. जाऊ दे.

एक मात्र सुटलेलं नाही.
डॉक्टर विचारतो, "इथे दुखतं का?", नर्स गुडघा दाबते,
आणि कोणी नुसतं 'स्स' केलं
तरी ते पलीकडे होकार म्हणून जातं. तिथे ठीक.
पण "उद्या घरी जाल ना?" विचारताना
हात गुडघ्यावरच राहिला असेल, तर?

त्यावर काम चालू आहे.