प्रेसवाला

अठ्ठावीस हंगाम मी प्रेसवर काढले,
वडनेरच्या फाट्यावर, जिनिंगात.
पेटीत कापूस तुडवायचा, बटन दाबायचं,
गठाण बाहेर यायची विटेसारखी टणक,
पोटाला लोखंडी पट्ट्या.
तेव्हा कोणी म्हणालं नाही
की गुणवंताला प्रेस करता येत नाही.

आता जिनिंगाला कुलूप
आणि देवकाच्या बचत गटाला गोधड्यांची ऑर्डर.
बारा बाय बारा इंचांचे चौकोन, एकशेआठ,
एकेका चौकोनात नऊ तुकडे,
आणि प्रत्येक शिवण एका कुशीवर झोपलेली हवी.
म्हणजे इस्त्री.
म्हणजे मी.

पहिल्याच दिवशी तिनं सांगितलं,
"घासू नका. ठेवा अन् उचला.
घासलं का चौकोन चालाले लागते."
मला हसू आलं.
मग दोन-तीन चौकोन घासले, तर खरंच चालत होते:
एक कोपरा वर्ध्याकडे, एक वणीकडे,
मधल्या तुकड्याचं पोट सुटलेलं.

सोमवारी दुपारी लाइन गेली.
इस्त्री होती तशीच राहिली, पालथी,
आणि मी निघालो खर्रा आणायला.
खर्रा घोटायला लागतो तेवढाच वेळ,
तेवढ्यात लाइन आली.

वास मला अंगणातच भेटला.
इस्त्री उचलली तर चौकोनही उठला,
तळव्याला चिकटून.
मधला निळा तुकडा टेरिकॉटचा,
सिंधूबाईच्या नातीच्या शाळेच्या ड्रेसचा,
तो विरघळून गेला होता.
भोवतीचे आठ सुती. ते नुसते
तव्यावर विसरलेल्या भाकरीच्या रंगाचे.

जिनिंगात आग लागली की भोंगा व्हायचा,
पोरं गठाणी लोटत बाहेर काढायची.
इथं भोंगा नव्हता.
देवका बैठकीला गेली होती, चारला येणार.

आशाताईनं दिलेली तापाची गोळी होती फळीवर.
चिमट्यात धरून गरम तळव्यावर फिरवली.
गोळी फेसाळली, निळी साल सुटत गेली,
बोळ्यानं पुसली, पुन्हा गोळी, पुन्हा बोळा.
इस्त्रीचा ताप उतरला.

भाजलेल्या डागांवर लिंबू आणि मीठ,
आणि चौकोन कुंपणाच्या तारेवर, चैताच्या उन्हात.
मग अर्ध्या ब्लेडनं मधल्या चार शिवणी उसवल्या.
जन्मात कधी काही उसवलं नव्हतं.
गठाणीला पट्टी बसली की बसली,
ती पुढे कुठे फुटते ते आपण बघत नाही.
इथं एकेक टाका विचारत होता, ओढू का नको.

निळा कुठून आणायचा?
खुंटीवर माझा कंपनीचा सदरा.
ऊन खाऊन त्याची राख झालेली,
पण खिसा उसवला तर खाली
अजून दुकानातला निळा होता.
साडेचार इंच, चारी बाजूंनी पाव पाव शिवणीला धरून.
सुईत दोरा ओवायला जेवढा वेळ गेला
तेवढ्यात एक गठाण बांधून झाली असती.

चौकोन ओला केला, पाटावर ताणला,
गठाणीची जुनी पट्टी लावून कोपरे मोजले.
बारा. बारा. बारा. पावणेबारा.
पावणेबाराला थोडं समजावलं.
मग इस्त्री ठेवली. उचलली.
ठेवली. उचलली.

चारला देवका आली. गठ्ठा मोजला,
एकशेआठ, बरोबर.
त्यातला एक काढून पालथा केला,
माझ्या टाक्यांवरून अंगठा फिरवला,
परत गठ्ठ्यात घातला.
इस्त्रीकडे गेली. नाक उडवलं.
"तापाच्या गोयीचा वास काऊन येते इस्तरीले?"
मी म्हणालो, लाइन गेली होती.
"हं," म्हणाली.

सकाळी सदरा खुंटीवर होता.
भोकावर खिसा परत शिवलेला,
कडक प्रेस केलेला, कोपरे काटकोनात.
फक्त आतून कापड नाही.
हात घातला की थेट बनियन लागते,
खर्रा ठेवला की छातीवर तंबाखू.
आधी वाटलं, अस्तर लावायचं विसरली.
पण एकशेआठ चौकोन
बोटांवर लक्षात ठेवणारी बाई.