गिरणीबाहेरचा फळा

शिकवणी बंद पडली तेव्हा मुळीक सरांनी
बाकं भंगारात घातली, फळा मला दिला.
"दळणाचे दर लिहा की," म्हणाले.
दर काय, सगळ्या पेठेला पाठ आहेत.

तरी दोन खिळे मारून घेतले. दिनकर सुतार
एक डोळा मिटून लांबून बघत म्हणाला,
"डावीकडं पाऊण बोट उतरलाय, वहिनी."
राहू दे म्हटलं. माझं अक्षरही तसंच उतरतं.

सकाळी सात वाजता, उत्तरेश्वर पेठेत,
खडू घेऊन उभी राहिले,
तोंड फळ्याकडं, पाठ सगळ्या रस्त्याकडं.
पाठीला इतके डोळे टोचतात
हे पन्नाशी उलटेपर्यंत माहीत नव्हतं.
गंगावेशीतून किटल्या घेऊन परतणाऱ्या सायकली
हळू झाल्या,
किंवा मलाच तसं वाटलं.

अर्ध्या तासानं लिहिलं:
आज गिरणी चालू आहे.

गिरणी चालूच होती. पट्टा फडफडत होता,
पलीकडच्या गल्लीलाही ऐकू जात होता.
तरी एक जण थांबला. वाचलं. गेला.
मी चक्कीच्या आडून बघत होते,
भुवयांवर पीठ,
जसं काही त्याच्या खिशातून मीच काहीतरी काढलं होतं.

पहिलं वाक्य कसंही निघतं.
दुसऱ्या दिवशी फळा पुसायचा असतो,
आणि पुसलेला फळा कोरा नसतो,
कालचं थोडं राहतंच, राखेसारखं,
त्याच्यावर आजचं लिहायचं.

लिहिलं: गव्हाला ओल आहे. दोन उन्हं देऊन आणा.
मग: कुणाची तरी चाळणी राहिली आहे. कड वाकडी.
चाळणीसाठी चौघी आल्या.
चाळणी एकीचीही नव्हती.
चौघींनी वाचलं होतं, एवढंच.
ती चाळणी अजून माझ्याकडंच आहे.

मग एक दिवस काहीच येईना.
तारीख घातली, खाली रेघ ओढली,
गिऱ्हाईक आलं म्हणून आत पळाले
आणि बरं वाटलं.

तालमीची पोरं सरावाला जाताना थांबायची.
त्यातला एक, बुटांच्या नाड्या गळ्यात अडकवलेला,
म्हणाला, "मावशी, पीठ दीर्घ असतंय."
तीस वर्षं पीठ दळते आहे.
दीर्घ आहे हे त्या दिवशी कळलं.
"पण पिठात म्हटलं की ऱ्हस्व," असं ओरडत
तो वळणावर गेलासुद्धा.
दिवसभर मी तेच करत बसले,
पीठ, पिठात, पीठ, पिठात,
एकदा लांब, एकदा तोकडं.

मग एका मंगळवारी, का कुणास ठाऊक,
दरांच्या खाली, कोपऱ्यात, बारीक अक्षरात लिहिलं:

हे होते तेव्हा गिरणीत आवाजामुळं
काही ऐकू यायचं नाही.
मी यांच्या ओठांवरून ओळखायची.
अजून कुणी बोललं
की मी आधी ओठ बघते.

लिहिलं, आणि पोटात गोळा आला.
दर लिहिणं वेगळं. हे म्हणजे
दोरीवरचं आतलं कापड रस्त्याकडं वाळत घातल्यासारखं.
अकरापर्यंत दम धरला.
मग फडकं भिजवलं, पिळलं, बाहेर आले.

फळ्यापुढं शकीलाबी उभी,
कमरेवर जोंधळ्याचा डबा.
चष्मा नव्हता, म्हणून नाक फळ्याला टेकेल इतकी जवळ,
अक्षर अक्षर लावत वाचत होती,
आणि वाचताना तिचे ओठ हलत होते.

मागं पट्टा फडफडत होता. ऐकू काही येत नव्हतं.
मी तिच्या ओठांवरून
माझंच वाक्य ओळखलं.

"बारीक दळ," एवढंच म्हणाली, डबा पुढं केला.
हातातल्या ओल्या फडक्यानं
मी तिच्या डब्याचं झाकण पुसलं,
पुसायची काही गरज नव्हती,
आणि जोंधळा बारीक दळला.