मुलगा मापासाठी

काचेच्या प्लेटचा खालचा कोपरा टवका उडालेला.
मागच्या कागदावर पेन्सिलीनं तीन ओळी:
दुपारी सव्वादोन.
आकाश निरभ्र.
मुलगा मापासाठी.

नाव नाही. बर्फ किती उंच ते कळावं म्हणून
सहा-सात वर्षांचा एक जीव
फूटपट्टीसारखा उभा केलेला,
डोक्यावर लोकरीची चपटी टोपी,
उजव्या हाताच्या जागी धुरकट डाग.
माशी हाकलली असणार.

त्बिलिसीच्या दप्तरखान्यातून तिची प्रत घेऊन
मी स्वानेतीत पोचलो तेव्हा पाऊस नुकता थांबला होता
आणि दगडी बुरुजांतून गुरांच्या श्वासाचा वास येत होता.
हिमनदीला आमच्या नकाशात क्रमांक आहे.
गावात तिला नावही नव्हतं. "वरची" म्हणायचे,
शेजारणीबद्दल बोलावं तसं:
वरची आज कुरकुरतेय.
वरचीनं रात्री पुन्हा दगड टाकले.

लामझिरानं हातांचं पीठ झटकलं, प्रत उजेडात धरली.
"हा बिमुर्झा. माझ्या आजोबांचे वडील.
न हलण्याचा साखरेचा एक खडा ठरला होता.
हलला, म्हणून साहेबानं अर्धा तोडून परत घेतला.
घरात अजून तो अर्धा खडा सांगतात.
बर्फाचं कुणी काही सांगत नाही. बर्फ तर होताच."

दुसऱ्या दिवशी दोन तास नुसती जागा शोधण्यात गेले.
जुन्या चित्रात जवळच्या शिळेची कड
लांबच्या सुळक्याला नाकाला नाक लावून उभी.
डावीकडे सरकलो की सुळका निसटायचा,
मागे गेलो की शिळा फुगायची.
शेवटी झुडपात शिरून गुडघ्यांवर बसलो
आणि जुळलं.
हाताखाली, दगडफुलाच्या पापुद्र्याआड,
लोखंडानं टोचलेला एक खळगा: तिपाईचा पाय.
म्हणजे तोही इथं गुडघ्यांवरच होता.

मग सव्वादोनची वाट. सावल्या जुळायला हव्यात.
लामझिरानं फडक्यातून कुबदारी काढली, गरम नव्हती,
खाताना तिनं एकदाही वर पाहिलं नाही.

भिंगातून पाहिलं.
शिळा आहे. सुळका आहे.
मधे, जिथं बर्फ काठोकाठ होता,
दूध उतू जायच्या आधी भांड्यात थरथरतं तसा,
तिथं भांड्याची आतली बाजू, खरवडलेली.
तळाशी रेव. रेवेतून राखी पाण्याचा एक दोर.

"त्याच्या जागी मी उभी राहते," लामझिरा म्हणाली.
मी हिशेब केला. पुन्हा केला.
ती जागा हवेत होती,
रेवेपासून चाळीस पुरुष वर.

मग ती खालीच गेली. पाऊण तास लागला.
लाल स्वेटर, ठिपक्याएवढा.
हलली असती तरी आता काही बिघडत नव्हतं,
माझ्या कॅमेऱ्याला निमिषाचाही तुकडा पुरतो.
ती हललीच नाही.
मी घेऊन झाल्यावर हात केला तरी,
मी तिपाई मिटल्यावरही.

रात्री स्वयंपाकघरात दोन्ही चित्रं एकावर एक ठेवली.
नोंद लिहिली: दुपारी सव्वादोन. तुरळक ढग. लामझिरा.
मापाचा रकाना भरायचा राहिला.
पडद्यावर खाली लाल ठिपका,
आणि वर, कशावरच नाही असा,
टोपी घातलेला मुलगा,
अजून माशी हाकलतोय.

तिनं चुलीवरचं भांडं उतरवलं, पुन्हा येऊन पाहिलं.
"उतरणार कसा हा?" असं काहीसं म्हणाली,
मला नव्हे.
आणि डब्यातून साखर काढून
चहात घालायची तर ती मुठीतच धरून राहिली.