आधी आंगठा हलन

वासुदेव म्हने, पाठीत सुई घेतली
त मानूस बसला जागी.
त्याच्या साडूचं तसंच झालं.
कोन्या साली, इचारलं, त त्याले आठवेना.
पन रातभर थे सुई माह्या पाठीत फिरली,
दारव्ह्याच्या दवाखान्यात, खाट नंबर नऊ,
भितीवर पाल, खाटेखाली पंचफुलाचा डबा.

वीस वर्सं हापशा दुरुस्त केल्या म्या.
बारा-बारा पाइप हातानं वर ओढले,
थेच ओढता ओढता आंतगळ उतरली.
बोराचं मले भेव नाई,
बोरात काय हाय थे मले मालूम असते.
ह्या टायमाले बोर म्याच होतो.

सिस्टर म्हने, काही नाई होत.
वार्डबॉय म्हने, काही नाई होत.
भाचा फोनवर म्हने, मामा, काहीच नाई होत.
एवढे जन काही नाई होत म्हनतात,
म्हंजे होतच असन काहीतरी.

सकायी भुलीची डॉक्टरीन आली, निखत मॅडम.
बुटकी. चष्म्याले दोरी.
स्टूल ओढून बसली.
उभ्यानं सांगनारं मानूस जायाच्या घाईत राह्यते.
"कशाची भीती वाटते?"
पाय, म्हनलं.
"जातील म्हणून?"
माह्या तोंडातला शब्द तिनंच काढला
अन् आमच्या मधात ठेवला,
जसा म्या घासलेला वायसर काढून लोकायले दाखवतो.

केस पेपर उलटा केला, मणके काढले.
"ही मुख्य दोरी. ती इथंच संपते, वर.
माझी सुई इथं, खाली.
इथं फक्त पाणी आहे, पाण्यात सुटे धागे.
सुई आली की बाजूला सरकतात."
पानी म्हनल्यावर म्या कान टवकारले.
किती खोल?
"तुमच्या करंगळीइतकं."
अन् पानी नाई लागलं त?
ती हसली नाई.
"तर काढून परत घालीन.
नंतर डोकं दुखू शकतं, दोन-तीन दिवस.
पाय कायमचे जाणं फार फार क्वचित.
पण शून्य म्हणणार नाही मी."

शून्य नाई म्हनली,
थ्याच घडीले माहं भेव अर्धं झालं.

"आधी गार लागेल. मग मुंगी चावल्यासारखं. मग दाब.
पाय गरम होतील, मग जड, मग तुमचे वाटणार नाहीत.
ओढलेलं कळेल, दुखणार नाही.
दुखलं तर बोला, मी डोक्याशीच बसलेली असेन.
तीनेक तासांनी आधी अंगठा हलेल."

म्याबी असंच सांगतो,
हापशी खोलाच्या आधी, गुंड घेऊन आलेल्या बायायले:
दोन तास पानी नाई.
मंग लाल येईन, थे भरू नका.
मंग साफ.
न सांगता खोलली, त लाल पाहून
साऱ्या बोंबलतात, बोर बिघडवला म्हनून.

गार लागलं.
मुंगी चावली.
दाब.
मंग पाय कोना दुसऱ्याचे झाले,
अन् म्या छतावरचा पंखा मोजत राह्यलो,
तीन पाती, एक वाकडं.

वार्डात आनलं.
पंचफुलाले कोनी काहीच सांगतलं नव्हतं.
दारापाशी बसून होती सकायपासून, नारळ बोलून.
तिनं पायाले चिमटा घेतला.
म्या नाई हललो.
अजून एक घेतला, जोरात.
"वासुदेवभाऊ खरंच बोल्ले," म्हने,
अन् पदर तोंडात.

बस, म्हनलं. थे स्टूल घे.
कागद उशाखालीच होता.
तिले वाचता येत नाई, चित्र येते.
हे दोरी, वर संपते. हे पानी.
आधी आंगठा हलन.
"कोनता? डावा का उजवा?"

थे म्या इचारलंच नव्हतं.

मले डोकं उचलाची मनाई होती,
म्हून पायाकडं पाहाचं काम तिचं.
पायथ्याशी बसली, दोन्ही आंगठ्यावर डोये लावून,
जसं दुधावर बसावं उतू जाते का म्हून.
चार वाजता चहावाला आला,
तरी तिनं मान वर केली नाई.

मंग म्हने,
"डावा."